पाव आणायला गेलेला नवरा

आयुष्याची चौतीस वर्षं मी गेंट शहराच्या नोंदणी कचेरीत बसून कोण कुठे राहतं ते लिहून घेतलं. जन्मलेल्यांना पत्ता दिला, मेलेल्यांचा काढून घेतला. घटस्फोट झालेल्यांना दोन पत्ते वाटून दिले. भाडं चुकवून पळालेल्यांना हुडकून काढलं. असा मी, ओमेर बाउवेन्स, वय वर्षं चौसष्ट, गेल्या जूनमध्ये कागदोपत्री पृथ्वीवर कुठेच राहत नव्हतो. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

सुरुवात गुडघ्यांपासून झाली. गुडघे माझे नव्हेत, माझ्या बायकोचे. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गेंटमधले जुने जिने चढायला कमी आणि प्रायश्चित्ताला जास्त सोयीचे. डॉक्टरांनी रोझलीनला सांगितलं, जिना सोडा नाहीतर चालणं सोडा. रोझलीननं सदतीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. तेव्हा मात्र म्हणाली, "ओमेर, मला दार उघडलं की पायाला माती लागेल असं घर हवंय." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं? घर मिळायला वर्षं लागतात अशी माझी समजूत होती. ते सहा आठवड्यांत मिळालं, तेही शहराबाहेर.

गल्लीत बातमी फुटली आणि मला सुतक लागल्यासारखे लोक भेटायला येऊ लागले. आमची गल्ली म्हणजे काय सांगू? दारापासून चाळीस पावलांवर ख्रेटाची बेकरी, साठ पावलांवर हाक्की न्हाव्याचं दुकान, पंच्याऐंशीवर कॉफीचा अड्डा. गाडी चालवायचा परवाना मी कधी काढलाच नाही. काढून जायचं कुठे?

"तिकडे माणूस मरतो ना, तर तीन दिवस कुणाला कळत नाही," ख्रेटा पाव कागदात गुंडाळत म्हणाली.

"कळतं गं," हाक्की म्हणाला. तो माझ्यामागे रांगेत होता. "गवत वाढलं की कळतं. मग शेजारी तक्रार करतात."

त्या दोघांनी मला इतकं घाबरवलं की सामान उतरवायच्या दिवशी मी खिडकीला लावलेल्या शिडीच्या पाळण्यातून आमची कपाटं एकेक करून खाली जाताना बघत होतो आणि चौथ्या मजल्यावर शेवटी मी एकटाच उरलो. रोझलीन खालून ओरडली, "ओमेर, तूही पाळण्यातूनच येतोयस का?" मी जिन्यानं उतरलो. प्रत्येक पायरीवर थांबलो.

नव्या वस्तीचं नाव लिंडेनकाउटर. "शांत परिसर" असं जाहिरातीत लिहिलं होतं, आणि घराच्या जाहिरातीत खरं लिहिल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. पहिल्या दिवशी सकाळी दहा वाजता मी रस्त्यावर उभा राहून नुसता खोकलो, तर समोरचा पडदा हलला. फुटपाथ नाही. कुंपणाची झुडपं फूटपट्टी लावून कापलेली. शेजारी एतियेन नावाचा निवृत्त विमा एजंट. त्याच्या हिरवळीवर गवत कापणारं एक यंत्र आपलं आपणच दिवसभर फिरत असतं, आणि एतियेन खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत असतो. वस्तीत मला दिसलेली पहिली फिरणारी वस्तू म्हणजे हे यंत्र. आमची ओळखही लवकर झाली, कारण ते आमच्या बागेत शिरलं.

आता पावाचं सांगतो, कारण सगळा घोळ पावामुळे झाला. लिंडेनकाउटरमध्ये बेकरी नाही. चौकाच्या पुढे, मोठ्या रस्त्याच्या कडेला पावाचं यंत्र आहे. काचेच्या कप्प्यांत पाव ठेवलेले, नाणं टाकायचं, कापलेला की अख्खा ते बटण दाबायचं, खालून पाव पडतो. एतियेननं ते मला अभिमानानं दाखवलं.

"चोवीस तास चालू असतं, ओमेर! रांग नाही, बोलणं नाही!"

दुसऱ्या दिवशी मी गेलो आणि सवयीनं यंत्राला "सुप्रभात" म्हणालो. मागे मोटारीत एक बाई थांबली होती. तिनं काच वर केली. मी अख्ख्या पावाचं बटण दाबलं, यंत्रानं मनुके घातलेला कापलेला पाव दिला. ख्रेटानं असं केलं असतं तर मी म्हटलं असतं, "ख्रेटा, लक्ष कुठंय?" आणि तिनं नवऱ्याच्या पित्ताच्या खड्याचं सांगितलं असतं. यंत्राला विचारायचं काय? मनुक्याचा पाव बगलेत मारून मी मोटारी चुकवत वीस मिनिटं गवतातून घरी आलो, आणि त्याच दिवशी ठरवलं की पाव ख्रेटाकडूनच आणायचा.

त्यासाठी बस. बस येते, पण बोलावली तरच. आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, मी अमुक वाजता अमुक थांब्यावर उभा असेन, मग ती येते. नऊ चाळीसला जायची आणि साडेतीनला परतीची, मधे काही नाही. मी रोज साडेनऊला टोपी घालायचो आणि म्हणायचो, "पाव घेऊन येतो." चार वाजता पाव घेऊन यायचो. मधल्या वेळात ख्रेटा, हाक्की, कॉफी, थोडे पत्ते, पुन्हा कॉफी. दाढीसुद्धा हाक्कीकडेच होई, कारण माझं दाढीचं सामान खोक्यात होतं आणि खोकी गॅरेजमध्ये. माझी एकोणीस खोकी. रोझलीननं तिची बावीस चार दिवसांत लावून टाकली. माझी मी "रविवारी बघू" म्हणून ठेवली होती. बरेच रविवार झाले.

पहिल्या आठवड्यात रोझलीन हसली. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "अरे, पाव येईपर्यंत जेवणाची वेळ टळून जाते." तिसऱ्या आठवड्यापासून ती यंत्रातून पाव आणून दुपारी एकटी जेवू लागली. मी आणलेला पाव संध्याकाळी फ्रीजमध्ये जायचा. मला वाटलं, बाई रुळली. मला किती बरं वाटलं, काय सांगू!

आमच्याकडे नियम असा की घर बदललं की नव्या गावी कळवायचं, आणि मग वस्तीचा पोलीस एक दिवस न सांगता येऊन बघतो की माणूस खरंच तिथे राहतो का. तो राहतो म्हणाला की नाव चढतं. नाव चढलं की ओळखपत्र, दवाखाना, मतदान, सगळं सुरळीत. नाव चढलं नाही की तुम्ही हवेत. अशा पोलिसांना मी हजारो घरी पाठवलं होतं. असाच एक पोलीस एप्रिलमधल्या एका बुधवारी आमच्याकडे आला तेव्हा मी ख्रेटाच्या नवऱ्याच्या पित्ताच्या खड्याचा फोटो बघत होतो.

आले ते हवालदार यॉरिस. तिशीचा, सायकलवर फिरणारा, नम्र माणूस. पुढचं मला रोझलीननं संध्याकाळी सांगितलं.

"साहेब कुठे आहेत?" यॉरिसनं विचारलं.

"पाव आणायला गेलेत."

"येतीलच मग. थांबतो मी."

"चार वाजता येतात."

तेव्हा अकरा वाजले होते. यॉरिसनं वही उघडली. घर बघू का म्हणाला. रोझलीननं दाखवलं. न्हाणीघरात पुरुषाचा वस्तरा नाही, फक्त दात घासायचा ब्रश. कपाटात पुरुषाचे दोन शर्ट. गॅरेजमध्ये बंद खोकी, सगळ्यांवर माझं नाव.

"जाणार आहेत का साहेब कुठे?" त्यानं हळूच विचारलं. "नाही म्हणजे, अशा गोष्टी होतात मॅडम. आम्ही कुणाला बोलत नाही."

"आणि तू काय म्हणालीस?" मी रोझलीनला विचारलं.

"मी म्हटलं, रोज जातात आणि रोज येतात. खरं तेच सांगितलं."

रोझलीनचं नाव त्याच दिवशी चढलं. माझं राहिलं. टपालपेटीत चिठ्ठी होती, पुन्हा येईन म्हणून.

आता माझ्यातला कारकून जागा झाला. मी पाव बंद केला. सोमवारी सकाळी आठ वाजता पुढच्या खोलीत, खिडकीशी खुर्ची टाकून, कोट-टाय घालून बसलो. गळ्यात टाय असला की माणूस राहता वाटतो. दार उघडून बघितलं, घंटी वाजते का ते दोनदा तपासलं. घंटीखाली आधीच्या मालकाचं नाव होतं, ते काढून माझं लावलं, मोठ्या अक्षरात. रोझलीन वस्तीतल्या बायकांबरोबर पोहायला गेली होती. मी एकटा, डोळे रस्त्यावर. दहाला टपालवाला. अकराला एतियेनचं यंत्र. बारानंतर मी पाणीही प्यायलो नाही, कारण पाणी प्यायलं की जावं लागतं आणि नेमका तेव्हाच तो यायचा. संध्याकाळी पाचपर्यंत नऊ तास मी त्या रस्त्याकडे असा बघत होतो की रस्त्यालाही लाज वाटली असेल.

पाच वाजता मी मागच्या दारानं बागेत गेलो. काचेच्या दारावर बाहेरून चिठ्ठी चिकटवलेली: "दुपारी २.१० ला आलो होतो. बराच वेळ दार वाजवलं. कुणी नव्हतं. — यॉरिस."

मी धावत एतियेनच्या कुंपणाशी गेलो.

"अहो, तो मागून आला!"

"मग?" एतियेन म्हणाला.

"पुढून का नाही आला? पुढे दार आहे! घंटी आहे! घंटीवर नाव आहे!"

एतियेननं माझ्याकडे बघितलं. नऊ तासांचा टाय माझ्या गळ्यात अजून होता. "ओमेर, पुढच्या दारानं फक्त शवपेटी आणि धर्मप्रचारक येतात हो. इथं सगळे मागनंच येतात. मागच्या पायवाटेनं, बागेतनं. पुढची घंटी वाजली की माझी बायको हिल्डा आधी रडते आणि मग दार उघडते."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही असता कुठे सांगायला?" एतियेन म्हणाला. अगदी साध्या आवाजात म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी गावच्या नोंदणी कचेरीत गेलो. चालत, पन्नास मिनिटं, गवतातून. बुटांना शेण. खिडकीमागे बसलेली बाई मला बघून उठून उभी राहिली. दहा वर्षांपूर्वी हिला मीच शिकवलं होतं, कारकुनांच्या शिबिरात.

"बाउवेन्स सर!"

माझी छाती फुगली. म्हटलं, आता काम झालं. सगळी हकीकत सांगितली, मागच्या दारासकट. ती ऐकत होती, मान हलवत होती, डोळ्यांत कणव. मग म्हणाली, "सर, तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं ना, दया यायची असेल तर खुर्चीतून उठल्यावर यावी?"

"मी सांगितलं होतं?"

"वहीत लिहून घेतलंय सर मी. दोन भेटी फुकट गेल्या. आता जुन्या पत्त्यावर चौकशी करावी लागणार. तुमचाच नियम."

आपलंच शिक्षण इतकं पक्कं निघेल असं वाटलं असतं तर मी थोडं कच्चं शिकवलं असतं.

जुन्या गल्लीत चौकशीला शहराचा पोलीस गेला. ख्रेटानं मला हे दुसऱ्या दिवशी इतक्या आनंदानं सांगितलं की तिच्यावर रागावताही येईना. (हो, मी पुन्हा जाऊ लागलो होतो. विचारू नका.)

"तो म्हणाला, ओमेर बाउवेन्स इथे राहतात का? मी म्हटलं, म्हणजे काय! रोज असतो! राहील नाहीतर कुठे? ओमेरशिवाय ही गल्ली गल्ली आहे का? हाक्कीनं पण सांगितलं, सोमवार आणि गुरुवार दाढी. कॉफीवाल्यानं तुझी खुर्ची दाखवली. सगळ्यांनी मिळून सांगितलं रे, एकानंही शब्द मागे घेतला नाही! तुला कोण काढतंय बघतेच मी."

"ख्रेटा," मी म्हणालो, "मला तिकडे राहतो असं सिद्ध करायचंय."

तिच्या हातातला पाव तसाच राहिला. "तिकडे? का?"

तो पोलीस आमच्या जुन्या घरी, चौथ्या मजल्यावरही चढला होता. तिथे आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांनी खरं ते सांगितलं की असा कुणी इथे राहत नाही, पण एक म्हातारे गृहस्थ दुपारी खाली उभे राहून वर बघत असतात.

अहवालाची प्रत टपालानं आली. माझ्या हयातीत मी असे शेकडो अहवाल वाचले, पण इतका वाईट एकही नाही. "सदर इसम रोज सुमारे साडेदहा ते तीन या वेळेत जुन्या गल्लीत आढळतो. नव्या पत्त्यावर शेजाऱ्यांच्या फारसा पाहण्यात नाही. जुन्या पत्त्यावर राहत नाही. झोपण्याचे ठिकाण अज्ञात." शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्यासोबत दुसरा कागद होता. शहरानं माझं नाव उतरवलं होतं, गावानं चढवलं नव्हतं. आणि तिसरा कागद रोझलीनच्या नावानं होता. त्यात तिची नोंद "एकटी राहणारी महिला" अशी होती, आणि अशा महिलांसाठी गुरुवारी गावात कॉफीचा कार्यक्रम असतो, अगत्य यावे, असं लिहिलं होतं.

मी हसलो. म्हटलं, बघ काय मूर्खपणा! रोझलीन हसली नाही. तिनं तो कागद घडी घालून ओट्याच्या खणात ठेवला, जपून ठेवायच्या कागदांत.

शेवटची भेट ठरवून दिलेली होती, मंगळवारी दुपारी दोन. या भेटीनंतर जे ठरेल ते ठरेल. मी हाक्कीकडे जाऊन दाढी केली नाही, घरीच केली, नव्या वस्तऱ्यानं, आणि दोन ठिकाणी कापलं. मागच्या दाराशी खुर्ची टाकली. तरी पुढचंही दार उघडं ठेवलं. यॉरिस मागून आला, सायकल कुंपणाला टेकवली, बूट पुसले, स्वयंपाकघरात टेबलाशी बसला. रोझलीननं कॉफी ओतली. मी माझी बाजू मांडायला लागलो. बस, पाव, यंत्र, पुढचं दार. यॉरिसनं सगळं ऐकलं.

"साहेब, तुमचं सगळं खरं आहे. मला फक्त घरच्यांचं एक वाक्य लागतं." तो रोझलीनकडे वळला. "मॅडम, तुमचे पती इथे राहतात का?"

मी कॉफीचा घोट घेतला. मला वाटलं, संपलं. हो म्हणायला काय जातं?

रोझलीन कपाच्या कानावरून बोट फिरवत राहिली. बाहेर एतियेनचं यंत्र कुंपणाला धडकून मागे वळलं. मग ती म्हणाली, "झोपतात इथे. सकाळी जातात. संध्याकाळी पाव घेऊन येतात, तो मी खात नाही. मार्चपासून मी इथे राहते हो. एकटीच राहते. बागेत मी काय लावलंय, विचारा त्यांना."

यॉरिसनं विचारलं नाही. भला माणूस. मी बागेकडे बघितलं. हिरवं काहीतरी होतं. बरंच होतं. वाफे होते, काठ्या रोवलेल्या होत्या, सुतळी बांधली होती. हे सगळं गुडघे दुखणाऱ्या बाईनं केव्हा केलं? मी चौतीस वर्षं लोकांना विचारलं, इथे राहता का, आणि त्यांनी हो म्हटलं की शिक्का मारला. एकाच्याही बायकोला विचारलं नाही. मला लाज वाटली. साधी, सरळ लाज, कानांपासून पायांपर्यंत.

यॉरिसनं घसा साफ केला. "मॅडम, कायद्याला एवढं नाही लागत. झोपतात म्हणालात, पलंग इथेच आहे. मला पुरे आहे." त्यानं पेन काढलं. "करतो मी खूण."

सहा आठवडे मी ज्या खुणेसाठी तडफडलो, ती खूण त्याच्या पेनाच्या टोकाशी होती.

"नका करू," मी म्हणालो.

"अहो साहेब, मग तुमचं नाव कुठेच राहणार नाही. दवाखाना बंद, ओळखपत्र बंद."

"माहितीये. तो नियम मला पाठ आहे. बाईंनी सांगितलं ते लिहा. राहत नाही."

त्यानं रोझलीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलं. मी वाचून सही केली. अक्षर चांगलं होतं त्याचं. कॉफीबद्दल आभार मानून तो मागच्या वाटेनं सायकल ढकलत गेला.

आम्ही दोघं बसलो होतो. 

"आता काय करणार तू?" रोझलीननं विचारलं.

"नवा अर्ज. राहायला आल्यापासून आठ दिवसांत द्यायचा असतो."

"आलास कधी?"

"आज," मी म्हणालो. "लिहायचं तर आज असं लिहावं लागेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या हनुवटीवर वस्तऱ्यानं कापलेल्या जागी कागदाचा कपटा चिकटलेला होता, तो तिनं काढला, रक्त थांबलंय का बघितलं.

"बघू," ती म्हणाली, आणि अंगठ्यानं बागेकडे दाखवलं. "ते वाटाणे आहेत. त्यांना पाणी घालायचंय."